महत्त्वाचं वाक्य कुठे लिहिता?

आज बोलूया ऑफिसातल्या मेलबद्दल.

मागे मी टीमला एक लांबलचक मेल टाकला होता. सर्व्हरची डिस्क भरत आलीये, हे वाक्य अगदी शेवटी. तिथपर्यंत कुणी पोचलंच नाही. रात्री दोनला सर्व्हर बंद! मी म्हणालो, "मी तर कळवलं होतं." पण खरंच कळवलं होतं का?

जानेवारी २००३. कोलंबिया यान उडताना फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. इंजिनिअर्सनी नासासाठी स्लाइड्स बनवल्या. एका स्लाइडचं शीर्षक धीर देणारं. आणि हा तुकडा चाचणीतल्या तुकड्याच्या सुमारे ६४० पट मोठा असल्याचे आकडे? सगळ्यात खालच्या ओळीत. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं; कल्पना चावलासह ७ अंतराळवीर गेले. अपघात काही एका स्लाइडमुळे झाला नाही, पण चौकशी मंडळाने अहवालात तिच्यावर बोट ठेवलंच.

आता माझ्या मेलच्या पहिल्या ओळीत तीनच गोष्टी असतात: काय बिघडलंय, वेळ किती आहे, कुणी काय करायचंय. बाकीचं खाली.

तुम्हीही पाठवण्याआधी बघा, फोनच्या नोटिफिकेशनमध्ये जेवढं दिसतं, तेवढ्यात मुद्दा कळतोय का?