शाळेचे नियम आणि आपण पालक

करमाळा तालुक्यातले केम हे कुंकवासाठी ओळखले जाणारे, रेल्वे स्टेशन असलेले गाव. अशा गावात साथ आली की झळ शाळेलाही बसते.

मार्च 2020 मध्ये राज्यातल्या शाळा बंद झाल्या. जुलै 2021 मध्ये शासनाने ठरवले की, महिनाभर कोरोनाचा रुग्ण नसलेल्या गावांत आठवी ते बारावीचे वर्ग भरवावेत. निर्णय सरपंचांच्या अध्यक्षतेखालील समितीने घ्यावा. एका बाकावर एकच विद्यार्थी. ऑक्टोबरमध्ये ग्रामीण भागात पाचवीपासूनचे, तर डिसेंबरमध्ये पहिलीपासूनचे वर्ग उघडले. जानेवारी 2022 मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या, पुन्हा उघडल्या. म्हणजे नियम एकदा लिहून भागत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी साथीच्या प्रदेशात जाण्यास आणि तिथून बाहेर पडण्यास मनाई केली. स्वतःइतकीच दुसऱ्याच्या जिवाची काळजी घेण्याची ही शिकवण आहे. पाच वेळा वुजू करणाऱ्या घरांना हात धुण्याचे महत्त्व सांगायला नको. पण शाळेच्या नळाला पाणी आहे का, हे आपण पाहतो का?

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. तिथे आपण विचारू या: तापाने घरी राहिलेल्या मुलाचा अभ्यास कोण भरून काढणार? शंभर टक्के हजेरीच्या बक्षिसापायी आजारी मूल वर्गात येत नाही ना? शाळा बंद पडली आणि घरात मोबाइल एकच असला, तर मुलीची पाळी कधी येणार?

साथ नसतानाच ही उत्तरे लिहून ठेवू या. बैठकीला भगिनींनीही जावे. इन्शाअल्लाह, पुढच्या वेळी एकाही मुलीचे शिक्षण सुटणार नाही.