पेन्शन नवऱ्याची, पण कागद बायकोचेही हवेत

नोव्हेंबर सरला की आमच्या भागात एक गोष्ट हमखास घडते. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, भद्रावती, राजुरा इथले निवृत्त कामगार पासबुक घेऊन बँकेत जातात आणि पेन्शन जमाच झाली नाही असे ऐकून परत येतात. कोणी म्हणतो सरकारने बंद केली, कोणी म्हणतो साहेबाने अडवली. बहुतेक वेळा यातले काहीच खरे नसते. हयातीचा दाखला द्यायचा राहिलेला असतो, एवढेच. दाखला दिला की थांबलेली रक्कम मागच्या महिन्यांसह जमा होते. हे दुखणे महिना-दोन महिन्यांचे.

मोठे दुखणे निराळे आहे. कामगार जातो आणि त्याची पत्नी वर्ष-दीड वर्ष कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत राहते. आमच्या पाहण्यातली एक बाई चौदा महिने फिरली. नवरा तीस वर्षे खाणीत होता. नोकरीला लागला तेव्हा मुकादमाने नाव लिहिले ‘भिवा’. आधार कार्डावर ते ‘भीमराव’ झाले. बाईचे नाव नोकरीच्या कागदात माहेरचे, रेशन कार्डावर सासरचे, आणि आधारवर शेजारपाजारचे लोक ज्या नावाने हाक मारतात ते. कागदावर पाहिले तर त्या माणसाला तीन बायका होत्या. घरी मात्र एकच बाई चुलीपुढे बसून होती, आणि तिला तिघींपैकी एकीचीही पेन्शन मिळत नव्हती.

वाचकहो, आधी आपली पेन्शन कोणती आहे ते ओळखा. आपल्याकडे सगळेजण सरसकट ‘पेन्शन’ म्हणतात, पण पैसे निरनिराळ्या थैल्यांतून येतात. वेकोलिच्या कोळसा खाणीत ज्यांनी नोकरी केली त्यांना कोळसा खाण पेन्शन योजना, १९९८ लागू आहे. ती ३१ मार्च १९९८ पासून अमलात आली आणि तिचा कारभार कोळसा खाण भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे आहे. मुख्यालय धनबादला, आपल्यासाठी नागपूरचे कार्यालय. या पेन्शनला महागाई भत्त्याची जोड नाही. म्हणून पंचवीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या खाणकामगाराची पेन्शन आज ऐकली तर तरुण पोरांना ती थट्टा वाटते. भद्रावतीच्या आयुध निर्माणीतून जुन्या नियमाने निवृत्त झालेल्यांची पेन्शन केंद्र सरकारची, तिला महागाई भत्ता मिळतो. शिक्षक, तलाठी, वनरक्षक, पोलीस यांची राज्य सरकारची, कोषागारातून येणारी. आणि पेपर मिल, सिमेंट कारखाने, ठेकेदाराकडची नोकरी, इथे कामगार भविष्य निधीची १९९५ ची योजना, म्हणजे आपले लोक जिला ‘पीएफची पेन्शन’ म्हणतात ती.

या शेवटच्या पेन्शनीचा हिशेब समजून घ्या, कारण आपल्या वस्त्यांत तिचेच लोक अधिक आहेत. योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. मालक जी वर्गणी भरतो त्यातला पगाराच्या ८.३३ टक्के भाग या पेन्शनीत जातो. किमान दहा वर्षांची सेवा हवी, आणि पूर्ण पेन्शन वयाच्या ५८ व्या वर्षापासून. हिशेब असा: शेवटच्या साठ महिन्यांच्या पगाराची सरासरी गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. पण हा पगार आपण हातात घेतला तो नव्हे. १ सप्टेंबर २०१४ पासून त्याला १५,००० रुपयांची मर्यादा आहे. म्हणजे १५,००० धरून १४ वर्षे सेवा झाली तर पेन्शन ३,००० रुपये. त्याच्या पश्चात पत्नीला निम्मी, म्हणजे १,५००. किमान पेन्शन १,००० रुपये, तीही २०१४ पासून तेवढीच. एक हजारात आज गॅस सिलिंडर भरला की किती उरते हे आमच्या माताभगिनींना सांगायला नको.

ठेकेदारी कामगारांनी इथे विशेष लक्ष द्यावे. एक ठेकेदार गेला, दुसरा आला, की जुन्या खात्यातले पैसे काढून घ्यायची आपल्याकडे रीत पडली आहे. पोरीचे लग्न असते, घरावर टिना टाकायच्या असतात, गरज खरीच असते. पण दहा वर्षे पूर्ण होण्याआधी पेन्शनचाही भाग काढून घेतला तर तेवढी वर्षे पुसली जातात. सहा वर्षे इथली आणि सात वर्षे तिथली मिळून तेरा झाली असती. काढून घेतल्यामुळे सातच उरतात आणि पेन्शन लागत नाही. त्यापेक्षा नोकरी सुटताना फॉर्म १० सी भरून ‘स्कीम सर्टिफिकेट’ मागावे. त्या कागदावर जुनी सेवा शाबूत राहते. नवीन ठिकाणी लागला तर तीच सेवा पुढे जोडता येते.

आता नावांकडे वळू. नोकरीत असतानाच दुरुस्ती सोपी असते, कारण मालकाची सही मिळते. पीएफमध्ये कामगार आणि मालक दोघांच्या संयुक्त घोषणापत्रावर नाव आणि जन्मतारीख दुरुस्त होते. निवृत्त झाल्यावर तोच साहेब बदलून गेलेला असतो, ठेकेदार तर सापडतच नाही. म्हणून ज्यांची दोन-चार वर्षे उरली आहेत त्यांनी एका रविवारी घरातले सगळे कागद चटईवर मांडावेत: आधार, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, पासबुक, नोकरीचा कागद, पोरांचे शाळा सोडल्याचे दाखले. नवऱ्याचे नाव, बायकोचे नाव, जन्मतारीख. जिथे अक्षर वेगळे तिथे पेन्सिलीने खूण करावी. पुष्कळ आधार कार्डांवर जन्मतारीख १ जानेवारी आहे, कारण नोंदणीच्या वेळी कोणी खरी तारीख विचारली नाही आणि आपल्या आईबापांनी ती लिहून ठेवली नव्हती.

दुसरी गोष्ट, बँकेत नॉमिनी लावला म्हणजे बायकोची पेन्शन पक्की झाली, असा गैरसमज फार आहे. बँकेचा नॉमिनी त्या खात्यातल्या शिलकेपुरता. कुटुंब पेन्शनचा अधिकार पेन्शनच्या दप्तरातल्या कुटुंबाच्या नोंदीवरून ठरतो. पीएफच्या योजनेत तर पत्नी हयात असेल तर पेन्शन तिचीच, नॉमिनी कोणीही लिहिलेला असो. पण कार्यालयाने तिला ओळखायचे कशावरून? कागदावरूनच. म्हणून पेन्शन सुरू झाली की पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, उघडून पहावा. तिच्या नावाची नोंद आहे का, अक्षर बरोबर आहे का. हा कागद नवऱ्याच्या पेटीत कुलूपबंद ठेवू नका. तिला दाखवा, नंबर वहीत लिहून द्या. नवऱ्याची पेन्शन किती हे आमच्यातल्या अनेक बायकांना तो गेल्यावरच कळते, हे काही चांगले लक्षण नाही.

केंद्र सरकारच्या पेन्शनरांना पत्नीसोबत संयुक्त खाते चालते आणि पुढे कुटुंब पेन्शनसाठी तिला नवे खाते उघडावे लागत नाही. मात्र मृत्यूची खबर द्यावीच लागते. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. काही घरांत तेरवी होते, गोडजेवण होते, पण दाखला काढायचा राहतो. वर मयताच्या खात्यात आणखी दोन-तीन महिने पेन्शन येत राहते आणि मुलगा एटीएममधून ती काढतो. ती रक्कम नंतर वसूल होते, आणि बहुधा विधवेच्या पेन्शनमधूनच. पोराने उचलले, आईने फेडले.

एटीएमचा विषय निघाला म्हणून सांगतो. कोळसा पट्ट्यात कामगाराचे पासबुक सावकाराकडे ठेवण्याची रीत जुनी. आता पासबुकाच्या जागी एटीएम कार्ड आणि त्याचा पिन आला. पेन्शनच्या दिवशी सावकाराचा माणूस मशीनपुढे उभा असतो आणि म्हातारा बाहेर पायरीवर. हे बेकायदेशीर आहे. बँकेत अर्ज देऊन जुने कार्ड बंद करता येते आणि नवे घेता येते, त्याला सावकाराची परवानगी लागत नाही. कर्ज फेडायचे ते फेडावे, पण चावी त्याच्या हाती देऊ नये. तसेच ‘हयातीचा दाखला फोनवरच करून देतो, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर ठेवून द्यावा. कोणतेही पेन्शन कार्यालय ओटीपी मागत नाही.

हयातीच्या दाखल्याची पद्धत मात्र पूर्वीपेक्षा खूप सुधारली आहे. सरकारी पेन्शनरांनी तो नोव्हेंबरात द्यायचा. केंद्राच्या ज्या पेन्शनरांचे वय ८० च्या वर आहे त्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. पीएफच्या पेन्शनरांना वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्या तारखेपासून एक वर्ष चालतो, तेव्हा नोव्हेंबरच्या गर्दीत उभे राहण्याचे त्यांना कारण नाही. ज्या तारखेला दिला ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. अंगठ्यावर चालणारा ‘जीवन प्रमाण’ २०१४ साली आला. पण आयुष्यभर फावडे मारलेल्या, बांबू तोडलेल्या हातांच्या बोटांवर रेषा उरलेल्या नसतात. मशीन अंगठा नाकारते आणि केंद्रचालक त्या म्हाताऱ्यावरच खेकसतो. अशा वेळी चेहऱ्यावरून ओळख पटवून दाखला काढता येतो, ही सोय नोव्हेंबर २०२१ पासून आहे. केंद्रचालकाला तसे स्पष्ट सांगावे.

गडचिरोलीकडच्या लोकांची अडचण वेगळी. चंद्रपूर-बल्लारपूरला नोकरी केली आणि निवृत्तीनंतर अहेरी, एटापल्ली, सिरोंचाकडे आपल्या गावी गेले, असे अनेक जण आहेत. पेन्शन शहरातल्या शाखेत, माणूस जंगलात, मधे पावसाळ्यात पूर. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पहिली, पीएफची पेन्शन जानेवारी २०२५ पासून देशातल्या कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत घेता येते. गाव बदलले म्हणून पीपीओ एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवण्याची गरज राहिलेली नाही. दुसरी, पोस्टाच्या बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊन हयातीचा दाखला काढून देतो. २०२० साली ही सेवा सुरू झाली तेव्हा तिचे शुल्क ७० रुपये होते. पीएफच्या पेन्शनरांचा खर्च पीएफ संघटनेने उचलण्याचा करार नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आहे. ज्यांचे खाते विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत होते त्यांनी घाबरू नये. १ मे २०२५ पासून ती बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत एकत्र झाली आहे. पाटी बदलली, पैसे तिथेच आहेत.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला खाटेसह बँकेत आणा असे कोणी म्हणाले तर ऐकून घेऊ नका. सही करता येत नसेल तर अंगठ्याचा, तोही नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर घेता येतो, आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पीएफची तक्रार असेल तर दर महिन्याच्या २७ तारखेच्या सुमारास जिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ हे शिबिर होते, तिथे नागपूरला न जाता अर्ज देता येतो. अर्ज दिला की पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले कार्यालयात दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही.

ज्यांनी आयुष्य तेंदूपत्ता आणि बांबूच्या कामावर काढले त्यांना यातली कोणतीच पेन्शन नाही. त्यांच्यासाठी संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजना तहसीलमध्ये आहेत. त्यावर पुढे कधी सविस्तर लिहू.

राहिला प्रवास. निवृत्तीनंतर माणसाला दोन प्रवास घडतात, एक दवाखान्याचा आणि दुसरा दीक्षाभूमीचा किंवा बोधगयेचा. एसटीत ६५ ते ७५ वयापर्यंत अर्धे तिकीट, ७५ च्या वर २०२२ पासून मोफत, आणि महिलांना कोणत्याही वयात १७ मार्च २०२३ पासून अर्धे. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. सिरोंच्याहून किंवा राजुऱ्याहून तेलंगणात जाणाऱ्यांना हद्दीपलीकडचे पूर्ण भाडे द्यावे लागते, कंडक्टरशी भांडू नये. रेल्वेत पूर्वी पुरुषांना ६० नंतर ४० टक्के आणि महिलांना ५८ नंतर ५० टक्के सूट होती. ती २० मार्च २०२० पासून बंद झाली आणि पुन्हा सुरू झालेली नाही. खालच्या बर्थची सोय मात्र आहे, तिकीट काढताना वय नीट लिहावे.

बोधगयेहून पुढे लुंबिनीला जायचे असेल तर नेपाळची हद्द ओलांडावी लागते. त्यासाठी पासपोर्ट नसला तरी चालतो, पण निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र हवे. फक्त आधार कार्ड ६५ च्या वरच्यांना आणि १५ च्या खालच्यांना चालते. साठीचा नवरा आणि अठ्ठावन्न वर्षांची बायको दोघेही आधारवर निघाले तर सोनौलीच्या नाक्यावर अडचण होईल. सोबत शंभराच्या व त्याहून लहान नोटा ठेवाव्यात. सहल ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघत असेल तर हयातीच्या दाखल्याची तारीख आधी पहावी, दाखला काढून मगच गाडीत बसावे, आणि पीपीओची झेरॉक्स घरी राहणाऱ्या सुनेजवळ देऊन जावे.