गाडी पाणी खाते? हेड खोलण्यापूर्वी एवढे पाहा

विटा-इचलकरंजीचा माल भरून सातारा-सांगलीचे बाजार करणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांच्या कानी उन्हाळ्यात एक वाक्य हमखास पडते : "हेड गॅस्केट गेलंय." पुण्याहून भरून आलेली गाडी खंबाटकी घाट चढताना तापते, पाणी कमी झालेले दिसते आणि मिस्त्री थेट हेड खोलायला बसतो. खर्च तर होतोच, शिवाय बाजार बुडतो तो वेगळा.

कारण कधी अगदी किरकोळ असते. गाडी थंड असताना रेडिएटरचे झाकण, होजच्या क्लिपा, वॉटर पंपाखालची ओल पाहावी. झाकणाचे रबर गेले की दाब टिकत नाही, पाणी उकळून बाहेर पडते. (गरम गाडीचे झाकण उघडण्याची घाई मात्र नको, वाफेने तोंड भाजते.)

बाहेर कुठेच गळती नाही, तरी पाणी घटते, तेव्हा संशय हेडवर घ्यावा. ऑइल दुधाळ चहासारखे झाले, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येतच राहिला, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे उठले, तर संशय पक्का होत जातो. थंडीत पहाटे निघणारा थोडा धूर हा पुरावा नव्हे. पाण्यात शिरलेला वायू ओळखणारे निळे रसायन मिळते. ते पिवळे पडले तर मिस्त्री खरा.

हेड खोललेच तर ते सपाट आहे का, हे पट्टी लावून आपल्यासमोर तपासून घ्यावे. वाकड्या हेडवर नवे गॅस्केट टिकत नाही आणि मजुरी दुसऱ्यांदा मोजावी लागते.