जुळ्या कोकरांचा माग

आनुवंशिक आजाराने स्नायू लुळे पडलेल्या लॅब्राडोर कुत्र्यांवरचा शोधनिबंध २०१४ साली आला, तेव्हापासून मी या विषयाच्या नादाला लागलो आहे. निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर लादून धडधाकट जनुक स्नायूंत पोचवलं आणि कुत्री पुन्हा नीट चालू लागली. पण ते त्या जनावरापुरतंच, पिल्लांत उतरणारं नव्हे. पिढ्यान् पिढ्या टिकेल असं जनुक कळपात कुणी आणलंय का, हे शोधत निघालो आणि पोचलो फलटणला, मेंढ्यांत!

बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली काढलेली ‘नारी’ ही शेती-संशोधन संस्था इथली. आपली दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातली गारोळ मेंढी अंगाने पाटीएवढी, पण जुळी-तिळी सहज देणारी. याच संस्थेतल्या चंदा निंबकरांनी तिचं जुळ्यांचं जनुक घ्यायचं आणि तिचा ठेंगणेपणा टाकायचा, असा घाट घातला.

या जनुकाचा माग मात्र आधी ऑस्ट्रेलियात निघाला होता. ‘बुरूला’ नावाच्या कुरणावर सिअर्स बंधूंच्या मेरिनो मेंढ्या भलत्याच विणाऱ्या होत्या. १९५८पासून सरकारी संशोधकांनी त्या पाळल्या. त्यांतल्या हेलन न्यूटन टर्नर या बाईंवर माझा जीव जडला आहे. शिक्षण वास्तुकलेचं, पुढे संख्याशास्त्र, आणि शेवटी हयात मेंढ्यांत! जुनी कागदपत्रं चाळत त्या पाद्री सॅम्युअल मार्सडेनच्या कळपाशी आणि १७९२-९३च्या सुमारास कलकत्त्याहून गेलेल्या बंगाली मेंढ्यांशी येऊन थांबल्या. त्या वेळी हा तर्कच होता. २००१ साली जनुकातला बदल सापडला, एका अक्षराचा. पुढच्याच वर्षी गारोळमध्येही नेमका तोच बदल दिसला. प्रयोगशाळेने दप्तराला दिलेली अशी साक्ष क्वचितच वाचायला मिळते.

फलटणचं काम त्यामानाने कंटाळवाणं, म्हणूनच मला मोठं वाटतं. गारोळ नर, दख्खनी मादी. मग पुन्हा दख्खनी, पुन्हा दख्खनी. दर पिढीत रक्त तपासायचं, जनुक असलेलीच कोकरं ठेवायची. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ती तपासणी बसवली नसती, तर नराच्या लेकी विण्याची वाट बघत बसावं लागलं असतं. नर स्वतः थोडाच वितो? यातून ‘नारी सुवर्णा’ उभी राहिली.

धनगराला मात्र अक्षराचं कौतुक नाही. मेंढीला सडं दोनच. तिळं झालं की एक कोकरू उपाशी, आणि वाटेवर ते काखोटीला मारून चालायचं. जनुकाची एक प्रत असली की बहुतेकदा एक किंवा दोनच कोकरं होतात. जुळ्यांना पुरेल इतकं दूध मात्र मेंढीच्या चाऱ्यातूनच यावं लागतं. माळ वाळला की वाघरीतल्या, म्हणजे जाळीच्या वाड्यातल्या, जुळ्यांतलं दुबळं कोणतं, हे धनगरीण पोटावरून हात फिरवून सांगते, आणि तेच आधी आईला लावते.