सातपुड्याच्या पायथ्याशी : कोरड्या नाल्यातून वर चला

फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन या आठवड्यात लिहायला घ्यायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो आहे. ठाण्याच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय आणि त्यांना डिसेंबरात यायचंय, म्हणजे उत्तर आताच द्यायला हवं. फैजपूर १९३६ पासून तिथेच आहे, ते आठ दिवस थांबेल.

ताईंच्या सासरचं मूळ यावल तालुक्यातलं. शेत, घर सगळं दोन पिढ्यांपूर्वी विकलं गेलं. मुलं आता कॉलेजात जायच्या वयाची झाली, पण खानदेश त्यांनी पाहिलेला नाही. दोन दिवस हातात आहेत. मनुदेवी, उनपदेवचे गरम पाण्याचे झरे, पाल, यावलचा किल्ला, व्यास मंदिर अशी यादी त्यांनी स्वतःच केली आहे आणि विचारलंय, यातलं काय चुकवू नये?

ताई, यादी चांगली आहे. पण ही सगळी ठिकाणं गाडीने जोडून पाहिली, तर दोन दिवस रस्त्यातच जातील आणि हा मुलूख असा का आहे, हे मुलांना कळायचंच नाही. माझं ऐकाल तर दोनच गोष्टी पोटभर करा. एक, कोरड्या नाल्यातून सातपुड्याकडे चालत जा. दुसरी, शेतात बसून भरीत खा. बाकीचं वेळ उरला तर.

तुम्ही डिसेंबर निवडलात हे उत्तम. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि दुपारी बाराला गावातले रस्ते ओस पडतात. श्रावणात डोंगर देखणा असतो, मनुदेवीसमोरचा धबधबा कोसळत असतो, पण गर्दीही तशीच असते. शिवाय मी सांगतोय ती गोष्ट पावसाळ्यात दिसत नाही. ती दिसते पावसाळा सरल्यावर, पाणी ओसरायला लागलं की.

भुसावळला उतरून तापी ओलांडली की वीसेक किलोमीटरवर यावल. तिथून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने चोपड्याच्या दिशेने निघायचं आणि उत्तरेला आडगावकडे वळायचं. समोर सातपुडा भिंतीसारखा उभा राहतो. मधे टेकड्या-बिकड्या काही नाहीत. सपाट रान संपतं आणि डोंगर सुरू होतो. मनुदेवीच्या वाटेवर गोटे आणि वाळू भरलेला पसरट नाला लागेल. गाडी तिथे थांबवा. देवीपर्यंत गाडी जाते, तरीही थांबवा. मुलांना घेऊन नाल्यात उतरा आणि डोंगराकडे तोंड करून चालायला लागा. पायात बूट हवेत, गोट्यांवर चपला टिकत नाहीत.

सुरुवातीला पायाखाली वाळू आणि मुठीएवढे गोटे. पाण्याचा टिपूस नाही. चालत राहिलात की गोटे मोठे व्हायला लागतात. आधी नारळाएवढे, मग घागरीएवढे, पुढे तर माणूस टेकून बसेल एवढे. सगळे काळे, गुळगुळीत, मधूनच एखादी पांढरी गारगोटी. मग वाळू ओलसर लागते. अजून वर गेलात की गोट्यांच्या खाचेत डबकं. आणि दरीच्या तोंडाशी पोचलात की, पाऊस बरा झालेल्या वर्षी, चक्क वाहतं पाणी. जे पाणी वर खळाळतंय ते खाली गावाजवळ येईतो नाहीसं झालंय. ना कुणी अडवलं, ना कुणी उपसलं.

मुलांना तिथेच विचारा, पाणी गेलं कुठे?

सातपुडा इथे काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. त्याच्या पायथ्याशी जमिनीला फार जुनी, लांबलचक भेग आहे. तिच्या दक्षिणेचा भाग खचला आणि तापीचं खोरं तयार झालं. त्या खोलगट भागात डोंगरातल्या नद्यांनी लाखो वर्षं गाळ आणून टाकला. नदी उतारावरून धावत येते तेव्हा तिच्या अंगात बळ असतं, मोठमोठे धोंडे ती लोटत आणते. सपाटीला लागली की बळ सरतं. मग सर्वांत जड ते आधी टाकते, गोटे त्याच्या पुढे, वाळू त्याच्याही पुढे, आणि बारीक माती तापीपर्यंत नेते. म्हणून चालताना तुम्हाला गोटे मोठे होत गेलेले दिसले. तुम्ही नदीचं काम उलट्या दिशेने पाहत होतात.

डोंगराला लागून असलेल्या या गोटे-वाळूच्या पट्ट्याला भूजलाचे अभ्यासक बझाडा म्हणतात. चोपडा, यावल, रावेर या तिन्ही तालुक्यांत तो डोंगराच्या कडेकडेने गेलाय. याच्या पोटात पोकळीच पोकळी. नाल्याचं पाणी त्यात झिरपतं, जमिनीखालून दक्षिणेला सरकतं आणि खालच्या शेतांतल्या विहिरींना लागतं. आडगावकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी हे भेग, खचणं वगैरे सगळं उत्साहाने सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पानी कुठी जाते? खाले जाते, आन् आपल्याच हिरीत येते."

आता वळून दक्षिणेकडे बघा. नजर पोचेल तिथपर्यंत केळी. जळगाव जिल्ह्याची केळी म्हणून जी उत्तरेच्या बाजारात जाते, २०१६ साली जिला भौगोलिक मानांकन मिळालं, तिची मुख्य भूमी म्हणजे रावेर-यावलचा हा पट्टा. जूनच्या सुमारास लावलेली ती मृगबाग, पावसाळा संपताना लावलेली ती कांदेबाग. डिसेंबरात तुम्हाला दोन्ही दिसतील. एकीत उंच वाढलेली झाडं, दुसरीत गुडघाभर रोपं. केळीला वर्षभर पाणी लागतं, एक दिवसही चुकवून चालत नाही. तापी खोल दरडींच्या तळाशी वाहते, तिचं पाणी सहजी वर येत नाही. मग ही बाग इतकी वर्षं पोसली कुणी? तुम्ही आत्ता ज्या कोरड्या नाल्यात उभे आहात, त्याने.

हे मी इतक्या पोटतिडकीने सांगतोय त्याला कारण आहे. आम्ही त्या पाण्याचा उपसा झिरपण्यापेक्षा कितीतरी जास्त केला. पूर्वी मोटेने पाणी काढायच्या विहिरी होत्या, त्या आटल्या. मग विहिरीत आडवे-उभे बोअर घेतले, मग शेकडो फूट खोल कूपनलिका. यावल आणि रावेर हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी राज्यात ओळखले जाऊ लागले. ठिबक आलं, त्याने पाण्याची बचत झाली हे खरं, पण वाचलेल्या पाण्यावर बाग वाढवली गेली. १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने तापी मेगा रिचार्जचा करार केला. तापीचं पुराचं पाणी कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी न्यायचं आणि याच बझाडा पट्ट्यात मुरवायचं, अशी ती कल्पना. कागदावरून ती शेतात उतरायला किती काळ जाईल ते जाऊ दे, पण निसर्ग जिथे पाणी मुरवतो तिथेच मुरवायचं हे तत्त्व मला पटतं. आणि तोवर निदान नाल्यांतली वाळू उपसणं थांबायला हवं. ती वाळू म्हणजे आमच्या विहिरींचं तोंड आहे.

नाल्याचं चालणं दोन-तीन तासांचं. वर देवीचं दर्शन घ्या, चारी बाजूंनी डोंगर असलेली ती जागा सुंदरच आहे. मग खाली या, भूक लागलेली असेल.

भरताची तयारी मात्र आदल्या दिवशी करावी लागते. बामणोद याच तालुक्यातलं, भरताच्या वांग्यांसाठी नावाजलेलं. हिरवी-पांढरट, मोठी, बिया कमी असलेली वांगी. हॉटेलातही भरीत मिळतं, पण तुम्ही ते खाऊ नका. ओळखीच्या माणसाला, नसेल तर मुक्कामाच्या ठिकाणच्या लोकांना सांगून ठेवा की शेतात करायचंय. हिवाळ्यात इथे घरोघरचे लोक, मित्रमंडळी शेतावर भरीत करतात, त्यामुळे कुणाला नवल वाटणार नाही. चंपाषष्ठी झाली की चातुर्मासात वांगं सोडलेली घरंही मोकळी होतात आणि मग रोज कुठल्या ना कुठल्या शेतातून धूर निघतो.

वांगी भाजायची ती तुरीच्या नाहीतर कपाशीच्या वाळल्या काड्यांवर. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव येत नाही, यावर आमच्याकडे वाद नाही. जाळ मोठा, झटपट. काड्या भरभर जळतात, वांगं वरून काळं ठिक्कर पडतं आणि आतून लोण्यासारखं होतं. सालं काढून गर लाकडी बडगीत घालतात, सोबत भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण, आणि लाकडी मुसळीने ठेचतात. मिक्सरने त्याचा लगदा होतो, ठेचल्याने धागा राहतो. मग तेलाची सढळ फोडणी, त्यात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, वरून कांद्याची पात आणि कोथिंबीर. मसाला कुठलाही नाही. केळीच्या पानावर वाढायचं, सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. मिरची झोंबेल, ठाण्याच्या मुलांसाठी आधी सांगून कमी घालायला लावा. पण ठेचायला मुलांनाच बसवा. आणि ज्यांच्या शेतात बसाल त्यांना त्यांच्या विहिरीचं पाणी किती फुटांवर आहे ते विचारा. त्या एका प्रश्नावर अर्धा तास सहज जाईल.

दुसरा दिवस तुमच्या यादीला द्या. यावलचा निंबाळकरांचा किल्ला तासाभरात होतो, व्यास मंदिर गावातच आहे. एकेकाळी यावल हातकागद आणि निळीसाठी प्रसिद्ध होतं, त्यावर एक स्वतंत्र लेख लिहायचा माझा विचार आहे. मग पालला जा. यावल अभयारण्य १९६९ साली जाहीर झालं, सुमारे १७७ चौरस किलोमीटरचं, आणि डोंगरातून पालकडे चढणारा रस्ता दुपारच्या उन्हातही प्रसन्न आहे. जवळच गारबर्डीला सुकी नदीवरचं धरण आहे. उनपदेव या खेपेला वगळा, ते चोपडा तालुक्यात, अगदी उलट दिशेला पडतं.

मुलांपैकी कुणाला आदिवासी पाड्यांवरचं जगणं पाहायची ओढ असेल तर होळीच्या आधीच्या आठवड्यात पुन्हा या. पालचा भोंगऱ्या बाजार तेव्हा भरतो, पावरा-बारेला मंडळी ढोल घेऊन डोंगरातून उतरतात. त्यावर मी फाल्गुनात सविस्तर लिहीन. पुढच्या आठवड्यात मात्र फैजपूर, नंदलाल बोस यांनी बांबू-चटयांतून उभं केलेलं ते नगर, आणि खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन.