अतिदक्षता विभागातील रुग्णांचे आप्त : समाधान आणि मनःस्वास्थ्य

अतिदक्षता विभागात दाखल झालेला रुग्ण बहुधा स्वतःविषयी काही सांगण्याच्या स्थितीत नसतो. श्वासनलिकेतील नळी, गुंगीची औषधे किंवा मूळ व्याधीमुळेच हरपलेली शुद्ध यांमुळे त्याची वाचा बंद झालेली असते. आणि त्याच्या वतीने ऐकणे, विचारणे व संमती देणे ही कामे दाराबाहेर बसलेल्या आप्तांकडे येतात. उपचार एकावर चालतात, संभाषण दुसऱ्याशी होते. या दुसऱ्याच्या मनःस्थितीचा शास्त्रीय विचार मात्र बराच उशिरा सुरू झाला. कोपनहेगन येथील पोलिओच्या साथीतून १९५२-५३ साली अशा विभागाची कल्पना आकारास आली. आप्तांच्या गरजांची पद्धतशीर चौकशी करणारा नॅन्सी मोल्टर या अमेरिकन परिचारिकेचा निबंध प्रसिद्ध होण्यास १९७९ साल उजाडावे लागले. तिने ४० आप्तांपुढे ४५ गरजांची यादी ठेवली, तेव्हा त्यांनी अग्रस्थान दिले ते 'आशेला जागा आहे' असे वाटण्याला. स्वतःच्या सुखसोयींना आप्त फारसे महत्त्व देत नाहीत, ही गोष्ट पुढील अभ्यासांतही वारंवार दिसून आली.

येथे दोन राशींची गल्लत होण्याचा संभव असतो. आप्त रुग्णसेवेविषयी समाधानी आहेत काय, हा एक प्रश्न; आणि त्यांचे मन स्वस्थ आहे काय, हा दुसरा. पहिल्यासाठी कॅनडात तयार झालेली व २००१ च्या सुमारास प्रचारात आलेली प्रश्नावली सर्वत्र वापरली जाते. दुसऱ्यासाठी चिंता, विषण्णता आणि आघातोत्तर तणाव मोजणाऱ्या वेगळ्या मापनश्रेणी आहेत. एकीचे उत्तर दुसरीवरून काढता येईल, असे वरकरणी वाटते. वस्तुस्थिती तशी नाही.

फ्रान्समधील एली अझुले व त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ विभागांतील २८४ आप्तांची ९० दिवसांनंतर चौकशी करून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आघातोत्तर तणावाची लक्षणे एकतृतीयांश आप्तांत आढळली. ज्यांचा रुग्ण विभागातच दगावला त्यांच्यात हे प्रमाण निम्मे होते. आणि उपचार थांबविण्यासारख्या अखेरच्या निर्णयात जे स्वतः सहभागी झाले होते त्यांच्यात ते ८१.८ टक्क्यांवर गेले. याच्या शेजारी अमेरिकेतील वॉल प्रभृतींचा २००७ सालचा निबंध ठेवून पाहावा. ५३९ आप्तांच्या उत्तरांवरून तेथे असे दिसले की, ज्यांचा रुग्ण मरण पावला ते आप्त, ज्यांचा रुग्ण वाचला त्यांच्यापेक्षा सेवेविषयी अधिक समाधानी होते. आणि निर्णयात सामील करून घेणे, संभाषण, भावनिक आधार याच बाबींत हा फरक विशेष होता. म्हणजे ज्या परिस्थितीत एके ठिकाणी समाधान वाढलेले दिसते, तिच्यातच दुसरीकडे मनाची जखम सर्वांत खोल आढळते. देश भिन्न, साधने भिन्न, हे मान्य करूनही ही विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही. अर्थात निर्णयातील सहभागामुळेच तणाव उत्पन्न झाला, असे या आकड्यांवरून म्हणता येणार नाही. निर्णयाच्या वेळी जो पुढे होतो तोच बहुधा रुग्णाच्या सर्वांत जवळचा असतो, आणि त्याचे दुःख मुळातच अधिक असणार.

मराठीत 'समाधान' शब्दाला दोन अर्थ आहेत : तृप्ती हा एक, आणि शंकेचे निरसन हा दुसरा. आप्तांच्या बाबतीत दुसराच अर्थ अधिक मोलाचा ठरतो. अझुले यांच्याच २००० सालच्या पाहणीत, डॉक्टरांशी बोलणे झाल्यावरही ५४ टक्के आप्तांना निदान, उपचार अथवा रोगाची पुढील वाटचाल यांपैकी काहीतरी नीट उमगलेले नव्हते. सियाटल येथील कौटुंबिक बैठकींच्या ध्वनिमुद्रणांवरून २००४ साली असे आढळले की, सरासरी ३२ मिनिटांच्या बैठकीत कुटुंबीयांच्या वाट्यास २९ टक्के वेळ येतो, आणि त्यांचा वाटा जसा वाढतो तसे बैठकीविषयीचे समाधानही वाढते. लोत्रेत प्रभृतींचा २००७ सालचा फ्रेंच प्रयोग याच धाग्याने पुढे गेला. २२ विभागांतील, मृत्यू अटळ ठरलेल्या रुग्णांच्या १२६ कुटुंबांपैकी निम्म्यांना माहितीपत्रक देण्यात आले व त्यांच्याशी ठराविक रीतीने बैठक घेण्यात आली : त्यांच्या बोलण्याची कदर करावयाची, भावना मान्य करावयाच्या, ऐकावयाचे, रुग्ण माणूस म्हणून कसा होता ते विचारावयाचे आणि त्यांच्याकडून प्रश्न काढून घ्यावयाचे. बैठक २० मिनिटांऐवजी ३० मिनिटे चालली. कुटुंबाचे बोलणे मात्र ५ मिनिटांवरून १४ मिनिटांवर गेले. वाढलेला जवळजवळ सगळा वेळ आप्तांनीच घेतला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ९० दिवसांनंतर तणावाची लक्षणे ६९ टक्क्यांऐवजी ४५ टक्क्यांत आढळली. तरीही ४५ टक्के हा आकडा काही लहान नव्हे.

सद्हेतू पुरेसा असतो, असेही नाही. दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णांच्या आप्तांसाठी परिहारसेवेच्या तज्ज्ञांनी बैठकी घेऊन पाहिल्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अमेरिकन प्रयोगात चिंता व विषण्णता कमी झाली नाही, उलट आघातोत्तर तणाव किंचित वाढलेला दिसला. फ्रान्समध्ये मृत्यूनंतर आप्तांना डॉक्टरांचे सांत्वनपत्र पाठविण्याचा प्रयोग झाला. २०१७ सालच्या निष्कर्षानुसार सहा महिन्यांनंतर पत्र मिळालेल्यांचीच स्थिती अधिक वाईट होती. भेटीच्या वेळा सैल करण्याचा उपाय त्या मानाने साधा आहे. ब्राझीलमधील ३६ विभागांत दिवसाला १२ तासांपर्यंत भेटीची मुभा देऊन पाहिली; २०१९ सालच्या अहवालाप्रमाणे रुग्णांच्या भ्रमावस्थेत फरक पडला नाही, मात्र आप्तांची चिंता थोडी घटली.

भारतात या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे. जीवरक्षक उपचार थांबविण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिलेल्या व २०२३ साली सुलभ केलेल्या निर्देशांनुसार, रुग्णाने पूर्वी इच्छापत्र केलेले नसल्यास दोन वैद्यकीय मंडळांच्या मताबरोबरच जवळच्या आप्तांची संमती लागते. फ्रेंच अभ्यासात ज्या गटावर सर्वाधिक ताण आढळला, त्याच्याच जागी ही सही करणारी व्यक्ती उभी असते. शिवाय विदेशी प्रश्नावल्या एका आप्ताने भरावयाच्या असतात. आपल्याकडे डॉक्टरांचे सांगणे एकजण ऐकतो, दुसरा पैशांची जुळवाजुळव करतो, आणि निर्णय गावाहून आलेले तिसरेच वडीलधारे घेतात. त्यांपैकी कोणाचे समाधान मोजावयाचे, हे अभ्यासकास आधी ठरवावे लागेल. आणि जेथे दररोजचे बिल कुटुंबाच्या खिशातून जाते, तेथे कॅनडाच्या प्रश्नावलीत नसलेला खर्चाविषयीचा प्रश्नही तीत घालावा लागेल.