पोटातली वस्ती

आईच्या दुधात एक पदार्थ असा असतो, जो बाळाला पचतच नाही. आणि तो चिमूटभर नसतो. दुधातल्या घन पदार्थांमध्ये दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल त्याचाच नंबर लागतो. शर्करांच्या छोट्या छोट्या साखळ्या असतात त्या. त्या तोडणारी विकरं बाळाच्या आतड्यात नसतात. बाळंतपणाने थकलेलं आईचं शरीर ही मेहनत मग कोणासाठी घेतं? बाळाच्या आतड्यात राहायला आलेल्या जिवाणूंसाठी! बिफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस नावाचा जिवाणू या साखळ्या अख्ख्याच्या अख्ख्या आत ओढून घेतो आणि त्यांवर पोसला जातो. अंगावर पाजणारी आई एका वेळी दोघांना पाजत असते, लेकराला आणि त्याच्या पोटातल्या वस्तीला. मी हे कितीही वेळा वाचलं, तरी थक्क व्हायला होतं.

बाळ मोठं होतं तशी ही वस्तीही मोठी होते. वरचं अन्न सुरू झालं की दुधावर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि डाळी-धान्यं, भाज्या, फळं यांतले चिवट तंतू फोडू शकणारे पुढे येतात. दुधाचे दात जसे ठरलेल्या क्रमाने येतात, तसाच यालाही क्रम आहे. तो सापडला बांगलादेशात, ढाक्याच्या मीरपूर भागात. कपड्यांच्या कारखान्यांवर पोट असलेली माणसं, दाटीवाटीच्या खोल्या, उघडी गटारं असा हा भाग. ढाक्यातलं आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्र इथे वर्षानुवर्षं काम करतं. १९६० साली कॉलऱ्याच्या अभ्यासासाठी सुरू झालेली ही संस्था. जलसंजीवनीच्या पहिल्या मोठ्या यशाची नोंद १९६८मध्ये इथलीच. म्हणजे मुलांच्या पोटाचं या संस्थेला जुनं वेड आहे.

मीरपूरमधल्या सुदृढ बाळांच्या शीचे नमुने तिथल्या शास्त्रज्ञांनी जन्मापासून दोन वर्षांपर्यंत दर महिन्याला घेतले. अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने त्यांतले जिवाणू ओळखले. २०१४मध्ये निष्कर्ष आला, की २४ प्रकारच्या जिवाणूंचं प्रमाण पाहिलं तर बाळ साधारण किती महिन्यांचं आहे हे सांगता येतं. नुसत्या शीवरून वय! मग कुपोषित मुलांचे नमुने तपासले, आणि त्यांची वस्ती त्यांच्या वयाहून लहान निघाली. मूल दीड वर्षाचं झालं, तरी पोटातले जिवाणू त्याच्याहून लहान बाळाला शोभतील असे. शेंगदाण्याची उपचाराची पेस्ट दिली की वजन वाढायचं, वस्तीही जरा मोठी व्हायची. उपचार थांबले की काही महिन्यांत ती पुन्हा मागे घसरायची.

पण आधी काय, कुपोषण की पोरसवदा जिवाणू? आफ्रिकेतल्या मलावीत याच प्रयोगशाळेने जुळ्या भावंडांचा अभ्यास केला होता. एक घर, एक आई, एक जेवण, तरी एक मूल ठणठणीत आणि दुसरं कुपोषित, अशा जोड्या तिथे बऱ्याच सापडल्या. दोघांचे जिवाणू जंतुमुक्त वाढवलेल्या उंदरांच्या पोटात सोडले आणि उंदरांना मलावीतलंच साधं जेवण दिलं. कुपोषित भावंडाचे जिवाणू मिळालेले काही उंदीर झपाट्याने वाळले. जिवाणू हे नुसते साक्षीदार नव्हते, त्यांचाही हात होता.

मीरपूर हा शहराचाच भाग. आपल्याकडेही शहरातल्या मुलांबद्दल आपण सहसा म्हणतो, जवळ दवाखाना आहे, दुकान आहे, मग अडतं कुठे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९–२१) पाहा. देशात पाच वर्षांखालची, उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुलं खेड्यांत १९.५ टक्के आणि शहरांत १८.५ टक्के. फरक एका टक्क्याचा! शहराने दिलेलं सगळं त्या एका टक्क्यात संपतं, हे मला फार लागतं. मुंबईच्या एखाद्या गल्लीत रांगणारं मूल हात जमिनीवर टेकवतं आणि तोंडात घालतं. गटाराकाठची घाण अशी रोज थोडी थोडी पोटात जाते. दर वेळी जुलाब होतातच असं नाही, पण आतड्याचं अस्तर सुजलेलं राहतं. अन्न शोषून घेणारे बोटांसारखे बारीक उंचवटे झिजून बुटके होतात. खाल्लेलं अंगी लागत नाही, ते यामुळेही. त्यात आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम पाव लिटर मावतं. पाच रुपयांच्या वेफर्सच्या पुडीने किंवा पाणीदार वरणाने ती जागा भरली, की बाकी कशाला वाव उरत नाही.

मीरपूरमध्ये काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी मग उलटा विचार केला. मुलाला काय खाऊ घालायचं हे त्याच्या जिवाणूंना विचारून ठरवलं तर? तिथल्या घराघरांत मिळणारे पदार्थ एकेक करून, त्या मुलांचे जिवाणू पोटात असलेल्या प्राण्यांवर तपासले. मागे पडलेल्या जिवाणूंना बळ देणारे निघाले हरभऱ्याचं पीठ, सोयाबीन, शेंगदाणे आणि कच्चं केळं. तांदूळ आणि दूध पावडर यादीतून बाद! (कच्च्या केळ्याची भाजी आपण किती सहज खातो.) साखर, तेल आणि जीवनसत्त्वं-खनिजांचं मोजलेलं मिश्रण घालून त्यांचं खाणं तयार झालं.

१२ ते १८ महिन्यांच्या, मध्यम कुपोषित १२३ मुलांवर त्याची चाचणी झाली. निम्म्यांना हे, निम्म्यांना तांदूळ, मसूर आणि दूध पावडरचं नेहमीचं पूरक खाणं. दोन्ही दिवसातून दोनदा, तीन महिने. नव्या खाण्यात उष्मांक कमी होते. तरीही उंचीच्या तुलनेतलं वजन या मुलांमध्ये जवळजवळ दुप्पट वेगाने सुधारलं. हाडांच्या वाढीशी आणि मज्जासंस्थेच्या घडणीशी निगडित प्रथिनंही त्यांच्या रक्तात वाढली. २०२१मध्ये हे प्रसिद्ध झालं. कमी उष्मांकांत जास्त वाढ हे कुपोषणाच्या रूढ हिशेबात बसतच नाही. पुढच्या तपासात प्रिव्होटेला कोप्री या जिवाणूच्या काही जाती पुढे आल्या. या खाण्यातल्या गुंतागुंतीच्या शर्करा त्या तोडतात, आणि मुलांच्या वजनवाढीशी त्यांचा संबंध दिसला.

गटार झाकलेलं नसेल, प्यायचं पाणी शुद्ध नसेल, तर हे खाणं एकटं किती पुरणार, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे. आणि चारही पदार्थ घरी वाटून कालवले की तेच खाणं तयार होईल, असंही नाही. पण चाचणीतली मुलं कोणती होती हे विसरता कामा नये. अंगणवाडी ताई रंगीत पट्टीने दंडघेर मोजतात, तेव्हा तो साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला तर मूल तीव्र कुपोषित ठरतं आणि उपचारांसाठी धावपळ सुरू होते. साडेअकरा ते साडेबारा म्हणजे मध्यम. या मुलांच्या वाट्याला बहुतेक वेळा सल्ला येतो आणि पुढच्या महिन्याची तारीख. मीरपूरची १२३ मुलं अशीच मध्यम गटातली होती.